दफ्तरखान्यातून घराघरात : महाराष्ट्राच्या पुराभिलेखागाराची दोनशे वर्षे

अक्षय्य तृतीयेला वर्धा जिल्ह्यातील केळझरच्या अनेक घरांत पितरांच्या नावाने पाण्याची घागर मांडली जाते. वडिलांचे नाव निघते, आजाचे निघते. पणज्याच्या नावाशी मात्र घर अडते. मग कोणी तरी शेजारच्या म्हाताऱ्या आजीकडे धाव घेते. तिला आठवले तर ठीक, नाही तर घागर नावाशिवायच मांडायची. त्याच पणज्याने टेकडीच्या पायथ्याचे वावर कसलेले असते, विहीर खोदलेली असते, सिद्धिविनायकाच्या पायऱ्या शेकडो वेळा चढलेल्या असतात. तीन पिढ्यांत त्याचे नावसुद्धा उरत नाही.

ते नाव एखाद्या कागदावर असेल का? असेल तर तो कागद कोणी जपला, आणि आपल्याला तो पाहायला मिळेल का? महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्याचा दोनशे वर्षांचा इतिहास या प्रश्नांभोवती सांगावा असे मला वाटते. या संस्थेने कोट्यवधी कागद सांभाळले, हे तिचे काम मोठेच आहे. पण तिची खरी वाटचाल वेगळी आहे. सरकारने स्वतःच्या सोयीसाठी बांधलेला दफ्तरखाना हळूहळू लोकांचा झाला, ती ही वाटचाल.

सरकारच्या गरजेतून जन्म

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि मराठी मुलखाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. नव्या राज्यकर्त्यांपुढे पहिला प्रश्न जमिनीचा होता. कोणाचे वतन खरे, कोणाचे इनाम कुठल्या सनदेवर उभे, कोणत्या देवस्थानाला किती उत्पन्न लावून दिलेले, हे सारे जुन्या कागदांवाचून कळणार नव्हते. दख्खनचा कारभार पाहिलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १८२१ मध्ये, मुंबईत सरकारी कागदपत्रांसाठी स्वतंत्र रेकॉर्ड ऑफिस सुरू झाले. आजच्या पुराभिलेख संचालनालयाचे मूळ ते. सतराव्या शतकातील सुरतेच्या वखारीच्या पत्रव्यवहारापासून पुढचे कागद या संग्रहात आहेत. मुंबईत काळा घोडा परिसरात एल्फिन्स्टन कॉलेजच्या जुन्या दगडी इमारतीत हा दफ्तरखाना पिढ्यान्‌पिढ्या नांदला.

पुण्यात पेशव्यांचे दफ्तर होते. हजारो रुमालांत बांधलेले, बहुतेक मोडी लिपीत लिहिलेले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि या दफ्तराला वेगळेच महत्त्व आले. इनामदाराने आपल्या घरची सनद आणून दाखवायची आणि सरकारने ती दफ्तरातल्या नोंदीशी ताडून पाहायची. नोंद जुळली तर इनाम टिकले, नाही जुळली तर गेले. म्हणजे सुरुवातीला हा कागद लोकांचे दावे तपासण्यासाठी होता. आज तोच कागद लोक आपला दावा सिद्ध करण्यासाठी वापरतात. दोनशे वर्षांत झालेला सर्वांत मोठा बदल हाच.

बंद दारे उघडली

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महाराष्ट्रात इतिहासाची ओढ जागी झाली. परंतु पेशवे दफ्तर इतिहासाच्या अभ्यासकांना सहजासहजी पाहायला मिळत नव्हते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्याच्या पुडीला जाण्याच्या बेतात असलेल्या रद्दीतून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली आणि १८९८ पासून खंडांमागून खंड छापले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, तेही याच तळमळीतून.

सरकारी दफ्तराचा मोठा दरवाजा उघडला तो गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हातून. रियासतकार म्हणून ओळखले जाणारे सरदेसाई तेव्हा पासष्टीला आले होते. १९३० ते १९३४ या काळात त्यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. तीस हजारांहून अधिक रुमालांतून ही निवड करायची होती. यदुनाथ सरकारांसारखा इतिहासकार या कामाच्या पाठीशी होता. या ४५ खंडांनी एक गोष्ट कायमची सिद्ध केली. सरकारी दफ्तर हा केवळ कारभाराचा पुरावा नसतो. तो एका समाजाचा आठवणींचा साठा असतो.

आज संचालनालयाचे काम मुंबईबरोबरच पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथून चालते. कोल्हापुरात करवीर संस्थानचे दफ्तर आहे, संभाजीनगरात निजामी अमलाखालील मराठवाड्याचे कागद आहेत. आम्हा वर्धा जिल्ह्याच्या माणसांचा जिव्हाळा अर्थातच नागपूरशी.

नागपूरचे दफ्तर, आमचे दफ्तर

विदर्भाच्या कागदांचा प्रवास इतर महाराष्ट्राहून निराळा आहे, कारण विदर्भाचा राज्यकारभारच निराळा होता. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले आणि नागपूरचे राज्य कंपनीने खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. एवढ्या वेळा सीमा बदलल्या, तर कागदांची वाटणीही व्हायचीच. जुन्या मध्य प्रांताच्या सचिवालयाचे काही कागद भोपाळला गेले, काही नागपुरात राहिले. म्हणूनच आपल्या भागाचा शोध घेणाऱ्याला कधी कधी दोन राज्यांची दफ्तरे धुंडाळावी लागतात.

भोसल्यांच्या दरबारात इंग्रज रेसिडेंट असे. त्याच्या पत्रव्यवहाराचे निवडक खंड १९५० च्या दशकात एच. एन. सिन्हा यांनी संपादित करून प्रसिद्ध केले. यादव माधव काळे यांनी तर त्याआधीच ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ आणि ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहून या प्रदेशाला त्याचे स्वतःचे चरित्र मिळवून दिले होते. पण राजा, रेसिडेंट आणि सरदार यांच्यापलीकडे गावाची एक कागदी दुनिया आहे. केळझरच्या माणसाला तिची ओळख व्हायला हवी.

इकडे पाटील-कुलकर्ण्यांचे राज्य नव्हते, मालगुजारी होती. १८६० च्या दशकातल्या पहिल्या बंदोबस्तात मालगुजारांचे हक्क ठरले, गावागावांतील शेते मोजली गेली, कोणाचे कुळ कोणत्या शेतावर आहे हे लिहिले गेले. हाच बंदोबस्ताचा मिसल. पुढे मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि अधिकार अभिलेख तयार झाले. मिसल, अधिकार अभिलेख आणि आजचा सातबारा असे तीन कागद शेजारी ठेवले की एका वावराच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या धन्यांची रांग समोर उभी राहते.

कोतवालाच्या वहीचे एक पान

मला सर्वांत जवळचा वाटणारा कागद मात्र वेगळा आहे. तो म्हणजे कोतवाल पंजी, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोणी जन्मले, कोणी मेले की कोतवाल ते ध्यानात ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी ठाण्यावर जाऊन सांगायचा. तिथला लिहिणारा ते वहीत उतरवून घ्यायचा. नागपूर-वर्ध्याकडच्या अनेक गावांत कोतवाल महार समाजातला असे. ज्यांना शाळेच्या दारातून आत येऊ दिले जात नव्हते, त्यांच्या पायांनी आणि त्यांच्या स्मरणशक्तीने अख्ख्या गावाचा जन्ममृत्यूचा इतिहास ठाण्यापर्यंत पोचला. हे ऋण आपण कधी उच्चारलेही नाही. या स्मरणिकेत तरी ते नोंदले जावे.

अशा वहीचे पान जवळून पाहा. आडव्या रकान्यांत तारीख, बापाचे नाव, जात, गाव, मुलगा की मुलगी. मुलाचे नाव पुष्कळदा नसतेच, कारण बारसे होण्याआधीच नोंद झालेली असते. मृत्यूच्या रकान्यात कारण एका शब्दात लिहिलेले: ताप, देवी, पटकी. १९१८ च्या साथीच्या महिन्यांत पाने भराभर भरत जातात आणि त्या साथीबद्दल वाचलेले सारे त्या एका रकान्यात आपल्या गावाचे होऊन बसते. एका ओळीत नाव नसलेले मूल जन्मते, आणखी काही पानांवर तोच बाप मृत्यूच्या नोंदीत दिसतो. त्या दोन ओळींच्या मध्ये एका घराची अख्खी कहाणी असते.

या वह्या, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे आणि जमिनीचे कागद बहुतेक तहसील, जिल्हा आणि भूमी अभिलेख कार्यालयांतच आहेत, पुराभिलेखागारात नाहीत. पण ते वाचायचे कसे, कोणता कागद कुठे मागायचा आणि कोणत्या नोंदीवर किती विसंबायचे, ही विद्या पुराभिलेखागाराचीच.

प्रदर्शन : कपाटातून काचेखाली

कागद नुसता जपून भागत नाही, तो दिसावाही लागतो. संचालनालय आपल्या संग्रहातील दस्तऐवजांची प्रदर्शने भरवते. जुने नकाशे, सनदा, फर्माने, आज्ञापत्रे, स्वातंत्र्यलढ्यातील फायली त्यांत मांडल्या जातात. शाळकरी मुलांची रांग काचेपाशी थांबते आणि पुस्तकात वाचलेल्या नावाची सही समोर दिसते, तेव्हा इतिहासाचा तास घेणाऱ्या मास्तरांचे अर्धे काम त्या एका सहीने होते.

वर्धा जिल्ह्यासाठी अशा प्रदर्शनाचे सामान फार मोठे आहे. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह आणि त्यातील जमनालाल बजाजांची अटक, १९३० चा जंगल सत्याग्रह, १९३६ नंतर गांधीजींच्या वास्तव्याने देशाचे लक्ष वेधून घेणारे सेवाग्राम, १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीत झालेला उठाव. यांवर सरकारने जे लिहिले, ते सरकारच्या बाजूने लिहिले. तरीसुद्धा त्या अहवालांत गावांची आणि माणसांची नावे सापडतात. ज्या नावापुढे तेव्हा ‘आरोपी’ असे लिहिले, त्याच नावापुढे आज गावाने ‘स्वातंत्र्यसैनिक’ लिहिले आहे. काचेखालच्या त्या कागदापुढे त्या माणसाचा नातू उभा राहिला, तर त्यासारखे प्रदर्शन दुसरे नाही.

मोडीचा वर्ग

संचालनालयाचे दुसरे लोकाभिमुख काम म्हणजे मोडी लिपीचे प्रशिक्षण वर्ग. ठिकठिकाणी महाविद्यालये आणि विद्यापीठांच्या मदतीने असे थोड्या दिवसांचे वर्ग घेतले जातात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांत शिकवली जाई. ती थांबली आणि एका पिढीत आपण आपल्याच आजोबांची पत्रे वाचायला असमर्थ झालो.

वर्गातला पहिला धडा नेहमी ओळीचा असतो. देवनागरीत आपण अक्षरे लिहून वर रेघ देतो. मोडीत आधी कागदभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगायची, बोरू न उचलता. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पहिल्या दिवशी कागद म्हणजे मुंग्यांची रांग वाटते. चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम ‘मौजे’ हा शब्द सुटा होतो, त्यामागून गावाचे नाव येते आणि वर्गात कोणी तरी मोठ्याने ओरडते, “हे तर आमचंच गाव!” मोडीचे शिक्षण खरे तिथे सुरू होते.

जुना रुमाल सोडण्याचीही एक रीत आहे. गाठ ओढायची नाही, सैल करायची. कागद बोटाच्या टोकाने उचलायचा, थुंकी लावून पान उलटायचे नाही. एखाद्या कागदावर शाई टिपण्यासाठी टाकलेली बारीक वाळू अजून चिकटलेली असते आणि उजेडात चमकते. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने हात झटकलेला असतो, त्याची ती खूण. तारखाही शिकाव्या लागतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फसली सनात साधारण ५९० मिळवायचे. सुहूर सनाची वर्षे तर अरबी शब्दांत लिहिलेली असतात. हे हिशेब फळ्यावर एकदा मांडले की विद्यार्थी पुढे कुठेही अडत नाही.

घराण्याचा शोध

आपल्याकडे वंश लिहून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळ्या आहेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर जाऊन कुळाची पिढी वाचून दाखवतात. अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. पण कुलवृत्तांत निघाले ते बहुतेक लिहित्या घराण्यांचे. ज्याच्या घरात कागद नव्हता, बोरू नव्हता, त्या शेतमजुराचा, कोष्ट्याचा, कोलामाचा कुलवृत्तांत कोण काढणार? त्याची नोंद फक्त सरकारी कागदात आहे. म्हणून घराण्याचा शोध शिकवणे हे पुराभिलेखागाराचे हौसेचे काम नव्हे. ते समतेचे काम आहे.

परदेशांत हे काम मोठ्या प्रमाणावर चालते. अमेरिकेत जनगणनेचे घरोघरचे तक्ते ७२ वर्षांनी खुले होतात. १९५० चे तक्ते १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले आणि लाखो माणसे आपल्या आजी-आजोबांची नावे शोधायला बसली. तिथले राष्ट्रीय अभिलेखागार वंशावळ शोधणाऱ्यांसाठी वर्ग आणि मार्गदर्शन ठेवते. आपल्याकडे जनगणनेचे असे तक्ते जनतेसाठी उपलब्ध नाहीत. त्यामुळे आपला शोध कोतवाल पंजी, मिसल आणि शाळेच्या रजिस्टरातूनच जातो.

आपल्याच माणसांचे उदाहरण हवे तर मॉरिशसचे घ्यावे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि देशावरून मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांची नोंद तिथल्या स्थलांतराच्या रजिस्टरांत आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत हा संग्रह आहे. २०१५ मध्ये युनेस्कोने त्याला जगाच्या स्मृतिठेव्यात स्थान दिले. तिथला मराठी माणूस त्या संस्थेत जाऊन पूर्वजाचा नंबर शोधतो, नाव शोधतो, गाव शोधतो आणि मग ते गाव पाहायला महाराष्ट्रात येतो. समुद्रापलीकडचा पणतू आपले गाव शोधतो आहे, आणि गावातल्या पणतूला मात्र तो कागद कुठे आहे हे ठाऊक नाही.

इथे कागदाची गरज भावनेपुरती नाही. जातवैधतेसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ यांपूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. मुलीला बारावीनंतर प्रवेश मिळायचा असतो आणि घर आजाच्या नोंदीसाठी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामाच्या निमित्ताने राज्यभर जुन्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा मोडी वाचणाऱ्या माणसांची किंमत सर्वांना कळली. कोणत्याही बाजूने पाहिले तरी धडा एकच: कागद असून उपयोग नाही, तो वाचता येणारी माणसेही गावोगाव हवीत.

जतन ही सर्वांची जबाबदारी

२००५ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक अभिलेखांचा कायदा केला. सरकारी कार्यालयांनी जुने कागद मनाला येईल तसे नष्ट करू नयेत, ते नीट सांभाळावेत, हा त्याचा गाभा. पण वाळवी कायदा वाचत नाही. गळणारे छत, ओल, उंदीर आणि अडगळ समजून होणारी सफाई या कागदांच्या चार वैऱ्यांवर लक्ष ठेवायला गावचे जागरूक लोकच हवेत. ग्रामपंचायतीचे जुने कपाट आवरताना, शाळेचे शतक साजरे करताना, मंदिराचा जीर्णोद्धार करताना जे कागद निघतील, ते जाळू नका, रद्दीत घालू नका. आधी जाणत्या माणसाला दाखवा.

केळझरकरांना विनंती

केळझरला इतिहास परका नाही. टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जातो. हीच पांडवांची एकचक्रानगरी, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. जुन्या किल्ल्याचे अवशेष आपण रोज पाहतो. दगडांचा इतिहास आपण जपला. आता माणसांचा जपू या.

म्हणून माझी गावाला विनंती आहे. आपल्या शाळेत किंवा मंदिराच्या सभामंडपात दोन दिवसांची एक कार्यशाळा घ्यावी. नागपूरच्या पुराभिलेखागारातील जाणकारांना बोलवावे. पहिल्या दिवशी गावाच्या जुन्या कागदांच्या प्रतींचे प्रदर्शन भरवावे, दुसऱ्या दिवशी प्रत्येक घराला आपली वंशावळ कशी लिहायची ते शिकवावे. येताना प्रत्येकाने एवढेच आणावे: घरातील जुनी सातबाराची प्रत, आजाचा शाळेचा दाखला आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाने सांगितलेली नावे, वहीत लिहून. ती वयस्क माणसे आज आपल्यात आहेत. त्यांच्याकडून लिहून घ्यायला आजचाच दिवस चांगला.